रुपा रडली नाही

टाळ्या थांबल्या तेव्हा रीताच्या लक्षात आलं की त्यांत आपल्याही होत्या. दोन्ही हात अजून छातीसमोर होते, तळवे गरम झाले होते, आणि न विचारता घरात येऊन बसलेल्या माणसाकडे बघावं तशी ती त्यांच्याकडे बघत राहिली. कोणी सांगितलं होतं यांना? शेजारच्या खुर्चीवर सीताबाई होत्या, तिच्या घरासमोरच राहणाऱ्या. त्यांचे हात मांडीवर होते. म्हातारीचे सांधे दुखतात, म्हणून वाजवली नसेल टाळी, असं रीतानं स्वतःला समजावून पाहिलं. मग मंचावर पाहिलं. मंचावर तिची रुपा, तिसरीतली, हातात गुलाबाचं एक फूल धरून उभी होती आणि नागपूरहून आलेला पाहुणा तिच्या डोक्यावर हात ठेवून माइकमध्ये सांगत होता की याला म्हणतात खंबीर मूल.

झालं होतं ते एवढंच. काल पोळा झाला, आज तान्हा पोळा. मोठ्यांचे बैल काल मिरवून झाले, आज पोरांचे, चाकांवरचे, लाकडाचे. भंडाऱ्याच्या या लेआउटमध्ये खरा बैल शिरला तर कमिटी त्याच्या मालकाला शोधायला निघते, त्यामुळे इथे लाकडाच्या बैलाचा मान फार. रिकाम्या प्लॉटवर मंडप टाकला होता, आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं, तोरणाखाली पोरं आपापले नंदी घेऊन रांगेत उभी होती. काही नंदी भाड्यानं आणलेले, पोरापेक्षा उंच. एकाच्या डोळ्यांत दिवे होते आणि ते उघडझाप करत होते. रुपाचा नंदी मांजराएवढा. त्याची झूल रीताच्या जुन्या पोलक्याची, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू. दरवर्षी बक्षीस द्यायला कोणी पुढारी यायचा. तो उशिरा यायचा आणि तोवर पोरं बैलांच्या पाठीवर डोकं टेकून झोपून जायची. म्हणून यंदा कमिटीनं ठरवलं की पुढारी नको, विचारी माणूस बोलवू. विचारी माणूस वेळेवर आला. सगळं तिथूनच बिघडत गेलं. त्याला सगळे अंकुश सर म्हणत होते. भादव्याच्या उकाड्यात तो कोट घालून होता आणि त्याला घाम येत नव्हता. आजची मुलं काचेची झाली आहेत, तो म्हणाला, आणि ज्यांची मुलं समोर उन्हात उभी होती त्या सगळ्या आईबापांनी माना डोलावल्या. मग त्यानं पहिलं बक्षीस पुकारलं. रुपाचं. मंचामागून सायकल आली, लाल, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. रुपा वर गेली. तिनं सायकलीच्या हँडलवर हात ठेवला, फोटो निघाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या बरोबर होत्या, त्यांच्याबद्दल रीताचं काही म्हणणं नाही. मग सर म्हणाले, “सॉरी बेटा, एक चूक झाली. हा नंबर तुझा नाही.” आणि कमिटीतल्या एका माणसानं रुपाचा हात हँडलवरून काढला आणि सायकल मागे नेली.

मंडप गप्प झाला. सर गुडघ्यावर बसले, माइक तिच्या तोंडाशी नेला आणि विचारलं, राग आला का? रुपानं मान हलवली. रडू येतंय? पुन्हा नाही. मग काय म्हणशील सगळ्यांना? रुपानं समोर पाहिलं, खुर्च्यांच्या रांगांवरून नजर फिरवत ती आईपर्यंत आली, तिथे थोडी थांबली, आणि म्हणाली, “थँक्यू.” मंडप हसला. इतक्या गोड आवाजात ती म्हणाली होती. सर उठले आणि त्यांनी जाहीर केलं की चूक वगैरे काही नव्हती, हा एक प्रयोग होता, आणि ही मुलगी पुढे आयुष्यात काहीही पेलेल. तेव्हा त्या दुसऱ्या टाळ्या. सायकल गावातल्या एका दुकानातून, प्लास्टिक काढायचं नाही या बोलीवर, दोन तासांसाठी आणली होती हे रीताला मंडपातून निघताना कळलं. पहिलं बक्षीस स्टीलचा डबा होता. तो कमिटीचे अध्यक्ष तुलारामजी यांच्या नातवाला मिळाला. डोळे उघडझाप करणारा बैल त्याचाच होता.

घरी परत येताना रुपा नंदीची दोरी धरून पुढे चालत होती. एक चाक कुरकुरत होतं. ती वळून बघत नव्हती, पाय आपटत नव्हती, नेहमीसारखी चिखल चुकवत चालत होती, आणि रीताला वाटलं की हिनं आता एकदा तो नंदी नालीत फेकून द्यावा, म्हणजे आपल्याला तिच्यावर ओरडता येईल. तिनं विचारलं, “वाईट वाटलं का वं तुले?” रुपा म्हणाली, “नाही.” तो आवाज रीताच्या ओळखीचा होता. पोरीचा म्हणून नव्हे. तो तिचा स्वतःचा होता, सपाट, पुसून काढलेल्या ओट्यासारखा, जो ती ऑफिसात वापरते, नवऱ्याशी वापरते, दवाखान्यात डॉक्टरनं दुखतं का म्हटल्यावर वापरते. तो पोरीच्या गळ्यात कधी गेला? आजच गेला असेल तर अजून काढता येईल, असं तिला वाटलं, आणि त्या वाटण्याबरोबर राग आला, तो नेमका कोणावर आहे हे न सांगता.

चिखल्याला खाणीच्या वसाहतीत, बाप गेला तेव्हा रीता आजच्या रुपाहून थोडी मोठी होती. बाप पाळीवरून आला, ताप आला म्हणून झोपला, आणि तापातच गेला. घर माणसांनी भरलं. आई, पंचफुला, भिंतीशी बसून होती आणि बायका तिला धरून होत्या. कोणीतरी म्हणालं, चहा ठेवायले पाहिजे, आणि रीतानं ठेवला. मोठ्या गंजात, सगळ्यांना पुरेल असा. मग तिनं केटली धरून अंगणात रांगेनं चहा वाटला आणि अंगणातला प्रत्येक माणूस कप घेताना म्हणाला, पोरगी पाहा किती हिमतीची आहे. एकही थेंब नाही काढला डोळ्यातून. तिला ते आवडलंही होतं. हे तिनं कधी कोणाला सांगितलं नाही, पण आवडलं होतं. त्या दिवशी तिला दुसरं काहीच मिळणार नव्हतं. आणि तरी कप भरता भरता ती सारखी वर बघत होती. ती वाट बघत होती. आता कोणीतरी येईल, या केटलीला हात लावेल, आणि म्हणेल, ठेव ते, इकडे ये. केटली जड होती, चटका बसत होता, कोणीही हात लावला असता तर चाललं असतं, अगदी ती शेजारची भांडखोर बाई असती तरीही. कोणी आलं नाही. कसं येणार, पोरगी हिमतीची होती. चहा संपला, कोणी म्हणालं अजून थोडा टाक, आणि तिनं टाकला. संध्याकाळपर्यंत आतलं सगळं घट्ट होऊन गेलं, ओला स्लॅब सुकतो तसं. त्यानंतर त्यावरून लोक चालतच राहिले. आईला दवाखान्यात न्यायला रीता, भावाच्या फीसाठी ऑफिसात भांडायला रीता, कारण ती हिमतीची. आणि लग्नात, पाठवणीच्या वेळी, सगळ्या बायका तिच्याकडे अपेक्षेनं बघत असताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, तेव्हा सासरच्या, एकोडीकडच्या बायका चहा घेता घेता एकमेकींना म्हणाल्या, पोरगी आहे का गोटा आहे. गुण तोच. मयतीत त्याची तारीफ झाली, लग्नात त्याची निंदा झाली, आणि दोन्ही वेळा बोलणाऱ्यांच्या हातात कप होते.

म्हणून तिला घाई होती. हे तिनं शब्दांत आणलं नाही, पण चालताना पाय आपोआप भराभर पडत होते. संध्याकाळ व्हायच्या आत काहीतरी करायला पाहिजे. काय, ते तिला माहीत नव्हतं. पोरीला मुद्दाम कसं रडवतात? चिमटा काढून? मारून? रडवायचे सगळे मार्ग तिला ठाऊक होते आणि रडू द्यायचा एकही नव्हता. मनात आलं, आज सकाळीच एकोडीला गावानं नारबोद हाकलली असेल. पळसाच्या डहाळ्यांचं ते बुजगावणं शिवेबाहेर नेताना लोक ओरडून सांगतात, खोकला घेऊन जा, खाज घेऊन जा, ढेकूण-पिसवा घेऊन जा. सगळी रोगराई नाव घेऊन हाकलतात. हा एक रोग मात्र कोणी कधी पुकारला नाही. उलट त्याला मंचावर बोलावून फूल देतात.

घरी जीवन आधीच पोचला होता. जीवन म्हणजे नवरा, वरठीला कारखान्यात कामाला, आणि लेआउटच्या कमिटीचा सचिव. कारखान्यात त्याचं कोणी ऐकत नाही आणि कमिटीत ऐकतात, त्यामुळे तो मनानं कमिटीतच राहतो. सरांना नागपूरला निघायचं होतं, त्याआधी त्यांचा फराळ आपल्याकडे, हे त्यानं तिला सकाळी सांगितलं होतं; वड्यांसाठी बरबटी भिजत होतीच. “तेल तापव ना वं,” तो म्हणाला, “सर येऊनच राहिले.” त्याचा चेहरा उजळलेला होता. रुपाला त्यानं उचलून घेतलं, गरकन फिरवलं आणि म्हणाला, नाक ठेवलंस बापाचं. रुपा हसली. हसू खरं होतं की नाही हे रीता तिच्या पायांवरून ओळखते. खरं हसताना ती पाय हलवते. पाय लोंबत होते.

वड्यांचं वाटण करताना रीता त्याच्याबद्दल विचार करत राहिली. जीवन वाईट माणूस नाही. वाईट असता तर रागाला एक घर तरी मिळालं असतं. त्याला स्वतःला असंच वाढवलंय. तो सगळ्या लग्नांत एक गोष्ट सांगतो: त्याचे वडील, भय्याजी, यांनी त्याला लहानपणी गावच्या बोडीत, त्या लहान तळ्यात, फेकलं होतं, पोहायला शिकावा म्हणून. आजकालचे बाप असं करतील का, असं तो शेवटी विचारतो आणि ऐकणारे म्हणतात, कुठं करतात बाप्पा. पुढची गोष्ट रीताला सासूनं सांगितली आहे, रुखमाबाईंनी, धान निवडता निवडता, जशी दुसऱ्या कोणाच्या घरची असावी तशी. पोरगा बुडाला. सरळ बुडाला. भय्याजी काठावर उभे राहून हातपाय मार, हातपाय मार, असं सांगत राहिले, कारण त्यांनाही पोहता येत नव्हतं. शेवटी रुखमाबाई लुगड्यासकट आत गेल्या, आणि म्हशी धुणाऱ्या एका माणसानं दोघांनाही बाहेर काढलं. जीवन अजून वैनगंगेच्या घाटावर घोट्याच्या वर पाण्यात जात नाही. पण शिकलो, असं तो म्हणतो. काय शिकला, हे त्याला विचारायचं कोणाला सुचलं नाही, रीतालाही नाही; आज पहिल्यांदा वाटलं की तो फक्त काठावर उभं राहून ओरडायला शिकला.

सर आले, तुलारामजी आले. समोरच्या खोलीत पंखा मोठा केला गेला. स्वयंपाकघराला दार नाही, पडदा आहे, त्यामुळे तळण्याच्या आवाजातूनही सगळं ऐकू येत होतं. आधी रस्त्याबद्दल बोलणं झालं, मग पावसाबद्दल, मग पहिला घाणा बाहेर गेला आणि सरांनी वड्याची तारीफ केली. रीता परत कढईशी आली. तेव्हा सर खात खात म्हणाले:

“जीवनजी, तुम्हाला मानलं. सकाळी मला धाकधूक होती. मूल रडलं तर कार्यक्रम बसतो, मागे एका गावी तसं झालंय. पण तुम्ही फोनवर म्हणालात ना, आमची रुपा घ्या, ती नाही रडत, अगदी तसंच झालं.”

तुलारामजी म्हणाले, बापच ओळखते लेकराले.

तेलात वडे होते. ते लाल झाले, मग काळे व्हायला लागले, आणि रीता त्यांच्याकडे बघत उभी राहिली. आमची रुपा घ्या. गावात कोणाची गाडी चिखलात रुतली की ज्याचा बैल तगडा त्याच्या घरी मागायला येतात, आणि मालक छाती फुगवून सोडून देतो, घ्या म्हणतो, आमचा नाही बसत. बैलाला कोणी विचारत नाही. म्हणजे याला माहीत होतं. मंचावर सायकल आली तेव्हा हा मंचाच्या बाजूला उभा होता, टाळ्या वाजवत, पहिल्याही आणि दुसऱ्याही. त्या दोन्हींच्या मधे पोर समोर बघत होती. आणि ती आईपर्यंत येऊन थांबली होती. का थांबली? काय वाचलं तिनं तिथे? रीताला आता तो क्षण परत दिसला, पण ह्या वेळी मंचावरून: खुर्च्यांची रांग, आणि तिच्यात एक बाई, सपाट चेहऱ्याची, काहीही झालं तरी काही झालं नाही असा चेहरा करून बसलेली. पोरीनं तो चेहरा बघितला आणि चढवला. सरांनी काय शिकवलं, दोन मिनिटं. शिकवणी तर घरात रोज चालू होती, फीशिवाय. रीतानं गॅस बंद केला.

पडद्यापलीकडे रुपाला बोलावलं होतं. सरांना आपल्या मोबाइलवर एक छोटा व्हिडिओ हवा होता, आईबापांना दाखवायला; मंडपातला नीट आला नव्हता, वारा फार होता. “बेटा, तिथे म्हणालीस ना, तसंच एकदा म्हण.” रुपा म्हणाली, थँक्यू. सर म्हणाले, छान, आता थोडं हसून. रुपा म्हणाली, थँक्यू. जीवन म्हणाला, फूल कुठं आहे, फूल घे ना हातात, आणि फूल शोधण्यात थोडा वेळ गेला. मग पुन्हा थँक्यू. तुलारामजी म्हणाले, पंखा बंद करा, आवाज येऊन राहिला. पंखा बंद झाला. आणि त्या अचानक आलेल्या शांततेत रुपानं विचारलं, हळूच, जसं वर्गात सगळे जण पेपर देऊन गेल्यावर बाईंना विचारावं:

“आता देणार का सायकल?”

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग तुलारामजी हसले. सर हसले, मायेनं, हे रीताला पडद्याआडूनही कळलं. आणि जीवन हसला. बाकीच्यांच्या मागून, थोडा उशिरा, पण हसला.

म्हणजे ती वाट बघत होती. मंडपापासून घरापर्यंत, नंदी ओढत, चिखल चुकवत, बापानं गरगर फिरवलं तेव्हासुद्धा, ती वाट बघत होती की आपण नीट वागलो, रडलो नाही, सांगितलं तसं बोललो, आता कोणीतरी येईल. रीताच्या हातात झारा होता. तो तसाच हातात घेऊन ती पडदा सारून बाहेर गेली आणि पडद्यापासून सोफ्यापर्यंत तेलाचे थेंब पडत गेले.

“रुपा,” ती म्हणाली, “माह्याकडं पाहा. सायकल नाही भेटत. कितीही वेळा थँक्यू म्हण, नाही भेटत. ती तुह्यी नव्हतीच, कोणाचीच नव्हती. दुकानातून आणली होती, दाखवायले. हे खोटं बोलले तुह्याशी. यायले पहिलेच माहीत होतं. बाबांले बी माहीत होतं.”

“रीता,” जीवन उठला. “लेकरासमोर कायले बोलून राहिली?”

“लेकराच्याच संगं केलं ना तुम्ही.”

रुपानं बापाकडे पाहिलं. एवढंच केलं तिनं. बापानं ताटलीतल्या वड्याकडे पाहिलं. आणि मग रीताला दिसलं, ते इतक्या जवळून तिनं कधी पाहिलं नव्हतं: आधी हनुवटी हलली, मग खालचा ओठ उलटा झाला, लहान होती तेव्हा व्हायचा तसा, नाकपुड्या पसरल्या, आणि तरी आवाज आला नाही, ती आवंढा गिळत होती, घट्ट, पुन्हा पुन्हा, फूल धरलेली मूठ मांडीवर दाबून. रीता घाबरली. आता हे आत जाईल, तिला वाटलं, आत जाऊन बसेल. तिला म्हणायचं होतं की रड, पण तो शब्द जन्मात कधी उच्चारला नसल्यासारखा तोंडात येईना. तिनं झारा टीपॉयवर ठेवला, सरांच्या मोबाइलशेजारी, आणि पोरीची ती मूठ आपल्या हातात घेतली. नुसती घेतली. तेव्हा आवाज आला. तो गोड नव्हता. कुत्र्याचं पिल्लू दारात चेंगरावं तसा तो आला, मग वाढला, आणि वाढतच गेला.

सरांनी हात पुढे केला. ते म्हणाले की ताई, घाबरू नका, हे अपेक्षितच असतं, भावनांचा निचरा, मी आता तिच्याशी थोडं बोललो तर...

“तुम्ही बोलू नका,” रीता म्हणाली. “वडे खा. थंडे होऊन राहिले.”

आणि गंमत म्हणजे त्यांनी खरंच एक वडा उचलला.

रुपा मूठ सोडवून बाहेर धावली. खोलीत त्या लोकांत तिला रडायचं नसावं, एवढी अक्कल तिला कोणी न शिकवता होती. पायरीवर बसून ती रडायला लागली आणि रीता तिच्या मागून जाऊन शेजारी बसली. ही वेळ पोरं नंदी घेऊन घरोघर फिरण्याची, बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागण्याची. गल्लीत सगळीकडे घुंगरं वाजत होती. ती एकेक थांबली. एक टोळी फाटकापाशीच उभी राहिली, आपापल्या बैलाची दोरी धरून, तोंडात चॉकलेट तसंच ठेवून. मग दारं उघडली. कोणी गच्चीवरून वाकलं. रीताचा हात सवयीनं वर गेला, पोरीचं तोंड झाकायला, चूप, लोक बघतात. तो तिनं अर्ध्यात ओळखला आणि परत मांडीवर आणला. सरांच्या गाडीचा ड्रायव्हर गाडी वळवायला आला होता, पण गल्लीत आता माणसं होती आणि लाकडाचे बैल होते. त्यानं हॉर्न वाजवला. कोणी हललं नाही.

सीताबाई समोरून आल्या, पदर सावरत, गुडघ्यावर हात ठेवत. “काय झालं वं पोरीले?”

“काही नाही काकू,” जीवन दारातून म्हणाला. तो हसत होता. “पोट दुखून राहिलं तिचं. वडे खाल्ले ना.”

काही नाही. रीताला वाटलं की आयुष्यभर आपल्या तोंडात बसलेला माणूस उठून दारात उभा राहिला आहे आणि बोलतो आहे. तिनं वळून त्याच्याकडे पाहिलंही नाही.

“पोट नाही दुखत तिचं,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका मोठा निघाला की गच्चीवरचा माणूस मागे सरकला. “सायकल देली इले सगळ्यायसमोर, आन् हातातून काढून घेतली. रडते का नाही ते पाहाले. जाणूनबुजून केलं. त्या पाहुण्यानं केलं, कमिटीनं केलं, इच्या बापानं नाव देलं. आन् आपण सगळे खुर्च्यायवर बसून होतो. मी बी.”

मागे खोलीत भांड्याचा आवाज झाला. तुलारामजी हात धुवायला उठले असावेत. गल्लीत मंडपातल्यासारखीच शांतता होती, फक्त आता तिच्यात माइक नव्हता. सीताबाईंनी पायरीवर तळवा टेकवला आणि हळूहळू, कण्हत, रुपाच्या दुसऱ्या बाजूला बसल्या. जीवन दारातून आत गेला नाही, बाहेरही आला नाही. रीताला रडू आलं नाही. ते आता येणार नाही, हे तिला माहीत होतं, आणि त्याचा राग आला, नवा, ताजा, आणि तो राग तिनं या वेळी गिळला नाही.

“लाल सायकल,” ती गल्लीला सांगत होती, “नवीकोरी. पन्नी बी नव्हती काढली.”

“आन्,” रुपा मधेच म्हणाली. हुंदका आला, तिनं तो येऊ दिला, नाक बाहीला पुसलं आणि पुन्हा सुरुवात केली. “आन् तिले घंटी होती.”

रीता थांबली. घंटी तिनं पाहिलीच नव्हती.

“कशी वाजत होती वं?” सीताबाईंनी विचारलं.

रुपानं त्यांच्याकडे पाहिलं, मग फाटकापाशी उभ्या पोरांकडे, मग मान वळवून दारातल्या बापाकडे, आणि त्याच्यावरची नजर न काढता, रागानं, एकेक शब्द सुटा करून ती म्हणाली, “वाजवूच नाही देली.”